सलाइनच्या नळीतले बुडबुडे

पहाटेचे साडेपाच वाजलेत. जाधववाडीच्या बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका पत्र्याच्या शेडसमोर मी कानटोपी ओढून उभा आहे. डिसेंबर महिना. बोलताना तोंडातून वाफ निघतेय. जळगाव रोडकडून एकामागून एक पिकअप येतायत. कुणात मेथीच्या जुड्या, कुणात फुलकोबी, कुणात अद्रकीची पोती. आल्याला इकडे कुणी आलं म्हणत नाही, अद्रकच. फुलंब्री, खुलताबाद, कन्नड, सिल्लोड या पट्ट्यातली अद्रक निघायला लागलीय आणि ज्याची त्याची धडपड एकच, लिलावाच्या आत गाडी मोंढ्यात लागली पाहिजे.

शेडमध्ये एक ट्यूब जळतेय. ऑइलचा रिकामा डबा उलटा टाकून चाचा त्यावर बसलेत. पासष्टी ओलांडलेले, गळ्यात मफलर, हातात चहाचा ग्लास. बाहेरच्या पाटीवरचं नाव उन्हापावसानं पुसून गेलंय. ते परत रंगवायची गरज कुणाला वाटलेली नाही, कारण चौक्यापासून कन्नडपर्यंतचे गाडीवाले त्यांना चाचा म्हणूनच ओळखतात. कोपऱ्यात एक पोरगा पाने पुसून फळीवर मापानं लावतोय. आठ-दहा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. एकही जागा चुकत नाही.

तेवढ्यात दोन पिकअप पुढंमागं येऊन थांबतात. मागची टोचनवर आहे. दोघींतही अद्रक भरलेली. मागच्या गाडीतून पस्तिशीचा एक शेतकरी उडी मारून उतरतो.

"चाचा, मेलो. आठ दिवस झाले, सकाळी सुरूच होऊ नाही राहिली. आज तर टोचनवर गिअरात टाकून बघितली, दोन धक्के खाल्ले न् परत गप्प."

"लिलावाला वेळ किती आहे?"

"तास-सव्वा तास."

"मग आधी माल. गाडीचं नंतर बघू." चाचा ग्लास खाली ठेवतात. "किल्ली मारा, पाटील."

स्टार्टर जोरात फिरतो. चाचा इंजिनाकडे जातच नाहीत, ते गाडीच्या मागं सायलेन्सरशी जाऊन बसतात आणि नळीसमोर तळवा धरतात. पाच सेकंद. सहा. नळीतून नुसती हवा येतेय, धुराचा पत्ता नाही.

"बस."

अर्ध्या मिनिटात अर्धा रोग हातात आलाय, हे मला नंतर कळतं. स्टार्टर जोरात फिरला, म्हणजे बॅटरीचा दोष नाही. नळीतून पांढरा धूर आला असता तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही, असा अर्थ निघाला असता. मग हीटर प्लग बघायचे, कॉम्प्रेशन बघायचं. पण धूरच नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत जातच नाही.

चाचा बॉनेट उघडतात. डिझेल फिल्टरच्या डोक्यावर हातपंपाची रबरी टोपी असते, ती अंगठ्यानं दाबतात. टोपी पोकळ लागते, फुस्स करून खाली जाते. ते दाबत राहतात. पोरगा दहाच्या पान्यानं फिल्टरवरचा हवेचा स्क्रू अर्धा आटा ढिला करतो. पहिल्यांदा नुसता फुसकारा येतो, मग साबणासारखा फेस, मग फेसातून फुटत फुटत डिझेल, आणि शेवटी बोटाएवढी स्वच्छ धार. स्क्रू आवळला जातो. टोपी आता दगडासारखी घट्ट झालीय.

"मारा."

इंजिन दोनदा अडखळतं, खडखडतं आणि लयीत येतं. शेतकऱ्याच्या तोंडावरचा ताण मला त्या ट्यूबच्या उजेडातही उतरताना दिसतो.

"मोंढ्यात बंद करू नका. लिलाव होऊन पोती उतरेस्तोवर चालू राहू द्या. रिकामी झाली की सरळ इकडं."

पैशाचं कुणी बोलत नाही. गाडी निघून जाते.

*

उजाडतंय. पोरगा विचारतो, "चाचा, हवा आली तर आली, पंप ढकलून देईल ना तिला?"

चाचा फळीवरून एक इंजेक्शनची सिरिंज काढतात. सुई नसलेली, मोठी. दट्ट्या मागं ओढून आत हवा घेतात, तोंडावर बोट दाबतात आणि पोराच्या हातात देतात. "दाब." दट्ट्या अर्ध्यापर्यंत जातो आणि सोडल्यावर परत मागं येतो. मग सिरिंजमध्ये डिझेल भरतात. "आता दाब." पोरगा दोन्ही अंगठे लावतो. दट्ट्या तसूभरही हलत नाही.

"समजलं? हवा दबते, डिझेल दबत नाही. पाइपात हवा असली की पंप तिलाच दाबत बसतो. पुढं काही जात नाही."

डिझेल इंजिनाची सगळी गोम या दाबात आहे. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडायला प्लग असतो, इथं ठिणगीच नाही. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावी १८९७ साली रुडॉल्फ डीझेल यांनी जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, त्याचं मर्म हेच होतं की हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन सोडलं की ते स्वतः पेट घेतं. आजच्या पिकअपच्या सिलिंडरमध्येही हवा साधारण सतरा-अठरा पट दाबली जाते आणि तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं. त्या हवेत डिझेल फवारायचं तर त्याला हवेपेक्षा कितीतरी जास्त दाब हवा. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या गाडीत तो दीड हजार बारच्या घरात जातो, म्हणजे या गाडीच्या टायरमधल्या हवेच्या तीनशे पटींहून जास्त.

म्हणून या शेडमध्ये एक नियम फार कडक आहे. इंजिन चालू असताना या दाबाचं डिझेल नेणाऱ्या पोलादी पाइपांवर कुणी बोट फिरवायचं नाही. गळती बघायची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरून. त्या दाबाची डिझेलची बारीक पिचकारी कातडीतून आत शिरते; वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आतून बोट सडतं. आत्ताही पोराचा हात नुसता तिकडं वळतो आणि चाचांचा आवाज चढतो, "बेटा, हात!"

चाचा हे सगळं शिकले ते विहिरीवरच्या इंजिनावर. बहात्तरच्या दुष्काळानंतर वडिलांचं बोट धरून शहरात आले तेव्हा ते तेरा-चौदा वर्षांचे होते. गावोगाव विहिरींवर ऑइल इंजिनं बसत होती. खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला 'इंजिन' म्हटलं की आधी विहिरीवरचं इंजिन आठवायचं, रेल्वेचं नंतर. हँडल मारून फिरवायचं, वेग आला की कॉम्प्रेशनची कडी सोडायची. "तिथंही हाच आजार," चाचा सांगतात. "टाकीतलं डिझेल संपू दिलं की पाइपात हवा. पिकाला पाणी पाहिजे, मोटेला बैल नाहीत, न् हा गडी सायकलवर पाना घेऊन हवा काढायला चालला."

*

आठपर्यंत शेडसमोर आणखी दोन गाड्या लागतात.

एक लहान टेम्पो. 'टेम्पो' हा शब्द आपल्याकडं कोणत्याही मालगाडीला चिकटला तो पुण्याच्या बजाज टेम्पोमुळं. मागाहून २००५ साली टाटा एस आली आणि लोकांनी तिला 'छोटा हत्ती' करून टाकलं. या समोरच्या टेम्पोचा मालक म्हणतो, गाडी चढाला काळा धूर फेकते, नोझल गेले असतील. चाचा नोझलला हातही लावत नाहीत. एअर फिल्टरचं झाकण काढून आतली कागदी नळी जमिनीवर हलकेच आपटतात. मूठभर माती पडते. गाडी खडी क्रशरवर चालते.

"धूर तीन रंगांचा असतो," चाचा पोराला म्हणतात, पण ऐकतो मालकसुद्धा. "काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय, नाहीतर पाण्याची वाफ. रंग बघितल्याशिवाय पाना उचलायचा नाही."

नवा फिल्टर बसतो, मालक रेस देतो, धूर जवळजवळ गेलेला असतो.

दुसरी गाडी नागपूरहून रात्रभर चालून आलीय, समृद्धी महामार्गावरून. सावंगीला महामार्गाचं तोंड झाल्यापासून या भागातल्या पिकअप थेट नागपूर-मुंबई करायला लागल्यात. आधी सगळा रस्ता गावांचा, गतिरोधकांचा. इंजिनाला मधूनमधून दम मिळायचा. आता भरल्या मालानं तासन्‌तास एका वेगानं पळायचं. ह्या गाडीचा काटा तापमानाच्या लाल रेघेला टेकतोय. चालक रेडिएटरच्या झाकणाकडं हात नेतो आणि चाचा त्याचं मनगट धरतात. "थांबा. तोंड भाजेल."

इंजिन निवल्यावर झाकण निघतं. गाडी परत चालू करून चाचा आतल्या पाण्यात डोकावतात. बुडबुडे नाहीत. ऑइलची पट्टी ओढून बघतात. ऑइल काळं आहे, दुधाच्या चहासारखं झालेलं नाही. म्हणजे हेड गास्केट शाबूत. मग रेडिएटरच्या तोंडात बोट फिरवून बाहेर काढतात. बोटाला पांढरी खरड लागलीय, चहाच्या भांड्याच्या तळाला बसते तशी.

"बोअरचं पाणी घालता ना?"

चालक मान हलवतो. दुसरं कोणतं घालणार? या शहरात नळाला पाणी येतं ते कितीतरी दिवसांच्या खंडानं. घरचं पिण्याचं पाणी मोजून वापरतात, गाडीला बोअरचंच मिळतं. त्या जड पाण्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतो आणि रेडिएटर डोळ्यांना भरलेला दिसत असला तरी आतून चोंदत जातो. चाचा रेडिएटर उतरवून साफ करायला पाठवतात आणि कूलंटचा डबा दाखवतात. "हे महाग वाटतं. हेड उतरवायला लागलं की स्वस्त वाटेल."

जाता जाता त्याला आणखी एक गोष्ट सांगतात. लांबून पळवत आणलेली किंवा घाट चढून आलेली गाडी उभी केल्या केल्या बंद करायची नाही. टर्बोचं चक्र मिनिटाला लाखभर फेरे घेत असतं आणि ऑइलवर तरंगत असतं. इंजिन बंद झालं की ऑइल थांबतं, चक्र तापलेलंच असतं, आतलं ऑइल करपतं. एक-दोन मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायची, मग किल्ली.

*

दहा वाजता अद्रकवाली पिकअप परत येते. रिकामी. भाव बरा लागलाय, शेतकऱ्याच्या हातात जिलबीचा पुडा आहे. तो आधी पोराला देतो.

आता तो सविस्तर सांगतो. चार दिवसांपूर्वी एका ठिकाणी गाडी दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, स्क्रीनवर आलं की रेलचा दाब कमी. म्हणाले, पंप गेला, पंचेचाळीस हजार धरा. तेवढे पैसे हातात नव्हते म्हणून तो गाडी तशीच घेऊन आला.

चाचांचा पुतण्या मोबाइलएवढा स्कॅनर घेऊन येतो. आयटीआय करून त्यानं काही वर्षं वाळूजला काम केलंय. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुट्या भागांच्या कारखान्यांची रांग लागली. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे काय हे या शहरातल्या हजारो घरांना त्या कामानं शिकवलं. पुतण्या स्कॅनर जोडतो, जुनी नोंद काढतो. तेच लिहिलंय, रेलचा दाब कमी.

"खोटं नाही सांगत तो," पुतण्या म्हणतो. "सुरू व्हायला दोन-अडीचशे बार तरी लागतात, तेवढा होत नसणार."

"बरोबर," चाचा म्हणतात. "पण ताप आलाय एवढंच थर्मामीटर सांगतो. कशानं आलाय ते डॉक्टरनं बघायचं." मग ते शेतकऱ्याकडं वळतात आणि मला अजिबात अपेक्षित नसलेला प्रश्न विचारतात.

"पाटील, रात्री गाडी कुठं लावता?"

"घरापुढं."

"सपाट आहे?"

"नाही, चढ आहे. नाक वरच्या अंगाला."

"न् कधी दुसरीकडं लावली?"

शेतकरी आठवतो. "परवा सासऱ्याकडं होतो, फुलंब्रीला. खळ्यात लावली होती. सकाळी लगेच सुरू झाली. मी म्हटलं, गाडी आपोआप नीट झाली."

चाचा हसत नाहीत, मान डोलावतात. टाकी चेसीला खाली आणि मागं, इंजिन पुढं आणि वर. गाडीचं नाक चढाला लावलं की इंजिन टाकीपेक्षा आणखी वर जातं. पाइपात कुठंतरी फट असेल तर रात्रभरात हवा आत शिरते आणि डिझेल उतरून टाकीत परत जातं. सपाटीला ते इतकं पळत नाही. पंप खराब असता तर त्याला चढ काय आणि खळं काय, दोन्हीकडं सारखाच रुसला असता.

"हा अंदाज झाला," चाचा म्हणतात. "आता पुरावा बघू."

पोरगा फळीवरून सलाइनची नळी आणतो. औषधाच्या दुकानात मिळते तीच, पारदर्शक. फिल्टरला टाकीकडून येणारा काळा रबरी पाइप काढून मधे हातभर नळी जोडली जाते. शेडसमोर मातीचा एक चढ आहे, त्यावर गाडी नाक वर करून उभी करतात. हवा काढून इंजिन चालू होतं. नळीतून डिझेल वाहताना दिसतं, पिवळसर, स्वच्छ. मधूनच एखादा मोहरीएवढा बुडबुडा पळत जातो.

"बंद करा."

आता काहीच घडत नाही. आम्ही चौघं बॉनेटवर वाकून त्या हातभर नळीकडं बघतोय. रस्त्यावरून ट्रॅक्टर जातो, ट्रॉलीचा खडखडाट होतो, कुणी मान वर करत नाही. पाच मिनिटं होतात. नळीच्या खालच्या वाकणात एक बुडबुडा दिसायला लागतो. आधी टाचणीच्या डोक्याएवढा, मग ज्वारीच्या दाण्याएवढा. तो वाकणात अडकून बसतो, फुगतो, लांबट होतो आणि अचानक सुटून वर चढतो, फिल्टरच्या तोंडाशी जाऊन नाहीसा होतो. त्याच्या मागं दुसरा. मग तिसरा.

"खालून आला," चाचा हलक्या आवाजात म्हणतात. "फिल्टरकडून हवा आली असती तर डिझेल वरून खाली सरकलं असतं. बुडबुडा खालून वर आला, म्हणजे चोर टाकी न् फिल्टरच्या मधे."

ते गोणपाट टाकून गाडीखाली सरकतात. मीही बाजूनं आडवा होतो. चेसीच्या कडेनं पोलादी पाइप जातो, टाकीजवळ त्याला वीतभर रबरी तुकडा जोडलाय. सगळं कोरडं. कुठंही डिझेलचा ओघळ नाही, ओली धूळ नाही. चाचा बॅटरीच्या उजेडात तो रबरी तुकडा अंगठ्यानं किंचित वाकवतात. क्लिपच्या कडेला केसासारखी एक काळी रेघ उघडते. वाकवणं सोडलं की मिटते.

"गळत का नाही मग?" मी विचारतो.

"हा पाइप ओढणारा आहे, ढकलणारा नाही. चुलीवर फुंकणीनं फुंकलं तर फुंकणीच्या भोकातून हवा बाहेर येईल, ओढलं तर आत जाईल. डिझेल बाहेर यायचा प्रश्नच नाही, हवाच आत जाते. म्हणून कुणाला दिसला नाही."

तरीही ते तुकडा कापत नाहीत. आधी त्या रेघेवर ग्रीसचा जाड लेप देतात, बाहेर येतात, परत हवा काढतात, गाडी चालू करून बंद करतात. पुन्हा आम्ही वाकतो. पाच मिनिटं. दहा. नळीतलं डिझेल काचेतल्या मधासारखं स्थिर आहे. एकही बुडबुडा नाही.

आता चाचा पोराला म्हणतात, "जा. वीतभर डिझेलचा पाइप न् दोन चांगल्या क्लिपा."

दीडशे रुपयांच्या आतलं सामान. शेतकरी माझ्याकडं बघतो आणि काहीच बोलत नाही. पंचेचाळीस हजार म्हणजे त्याच्या घरात काय असतं, हे मी विचारत नाही. हातात जिलबीचा रिकामा पुडा तो घड्या घालत राहतो.

मला इथं मनापासून सांगावंसं वाटतं की चाचांचं मोठेपण स्वस्तात काम करण्यात नाही. पंप खरोखर गेला असता तर त्यांनी पंपच सांगितला असता. त्यांचं मोठेपण थांबण्यात आहे. लक्षण दिसलं की पार्ट बदलून मोकळं व्हायचं हा सोपा रस्ता आहे, आणि त्याचं बिल दुसरा भरतो. कारण दिसेपर्यंत हात आवरून बसायला विद्या लागते आणि समोरच्याच्या पैशाची कदरही लागते. आपल्या ताटातली मेथी या गाड्यांवरून येते आणि या गाड्या अशा माणसांच्या जिवावर पळतात.

*

पाइप बसल्यावर काम संपलं असं मला वाटतं. चाचांना नाही वाटत.

फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून ते काचेच्या ग्लासात धार घेतात. ग्लास उजेडात धरतात. वर डिझेल, खाली दोन बोटं पाणी, गंजाच्या लालसर रंगाचं.

"ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये डिझेल भरून ठेवता? न् कमी पडलं की त्यातलं हिच्यात?"

शेतकरी कबूल करतो. चाचा ग्लास त्याच्या हातात देतात. पंपाला आणि इंजेक्टरला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्यांचं वंगण. आतले भाग एकमेकांत असे बसवलेले असतात की मधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायची. तिथं पाणी गेलं की वंगण तुटतं, गंज धरतो, धातू धातूला खातो. "खराब डिझेलनं पंप जातो तो असा. तेव्हा खरंच पंचेचाळीस लागतील."

झालेलं नुकसान किती, हेही ते मोजतात. खोकल्याच्या औषधाच्या चार रिकाम्या बाटल्या एका तारेत अडकवलेल्या आहेत. चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या काढून प्रत्येकाला एक बाटली लावली जाते. इंजिन चालू होतं आणि चार बाटल्यांत डिझेल साचायला लागतं. चांगला इंजेक्टर थोडंच परत पाठवतो, झिजलेला जास्त. आणि एखादा फारच सोडायला लागला की रेलमध्ये दाब टिकत नाही. पुतण्या मोबाइलवर वेळ लावतो. मिनिटं संपल्यावर पहिली, दुसरी आणि चौथी सारख्या, तिसरी मात्र बोटभर वर.

"तीन नंबर." चाचा बाटलीवर नख ठेवतात. "आज बदलायची गरज नाही. चार महिन्यांनी परत मोजू. तोवर ड्रमचं डिझेल बंद."

मग ते नव्या फिल्टरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडतात आणि जाड पेननं लिहितात. रोज सकाळी ऑइलची पट्टी आणि कूलंट. दर रविवारी फिल्टरचं पाणी सोडणे. धुळीत चालली तर एअर फिल्टर आधी बघणे. घाट चढून आल्यावर दोन मिनिटं चालू ठेवणे. ऑइल आणि फिल्टर पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला, पुढं ढकलायचं नाही. पुठ्ठ्याला भोक पाडून दोरा ओवतात आणि केबिनमध्ये आरशाला टांगतात.

शेतकरी खिशात हात घालतो. चाचा मान हलवतात. "आज नाही. रात्री घरापुढं तशीच लावा, नाक चढाला. सकाळी किल्ली मारायच्या आधी मला फोन करा. सुरू झाली तर पैसे."

*

दुसऱ्या दिवशी पहाटे मी परत शेडमध्ये आहे. तोच डबा, तोच मफलर. पाच वाजून दहा मिनिटांनी चाचांचा मोबाइल वाजतो. ते स्पीकर लावतात आणि फोन गुडघ्यावर ठेवतात. पलीकडं कोंबडा ओरडतोय.

"चाचा, मारू का?"

"हीटरची लाइट विझू द्या. हं, मारा."

एक घुर्र, आणि लगेच इंजिन. चाचा बोलत नाहीत. डोळे मिटून ते पुरतं मिनिटभर ऐकतात. पोरगाही पाना हातात धरून थांबलाय.

"बंद करा. आता परत मारा."

परत तसंच.

"ठीक आहे, पाटील. माल घेऊन या. येताना पैसे आणा."

चाचा फोन खिशात ठेवतात, सलाइनची नळी डिझेलनं धुऊन, फुंकर मारून कोरडी करतात आणि फळीवर तिच्या जागी टांगतात. बाहेर आणखी एक पिकअप टोचनवर येऊन थांबलीय.